तपासणीआधीचे चार दिवस

आम्ही पाथरवट. माझा बा पाटे-वरवंटे घडवायचा आणि वापरून गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावून द्यायचा. जात्याच्या तळीला छिन्नीनं बारीक खाचा मारायच्या असतात. त्या बुजल्या की जातं नुसतं फिरतं, दाणा तसाच बाहेर पडतो. गावात शिरताना माय पुढं चालायची आणि हाळी द्यायची, "जात्याले टाकी लावून घ्या वं माय!" तिचा आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या दुसऱ्या टोकाची बाई जात्याची तळी उंबऱ्यापर्यंत सरकवत आणायची. मग बा मांडी घालून बसायचा आणि टक् टक् टक् सुरू व्हायचं. त्या आवाजात मी झोपले, त्या आवाजावरच आकडे मोजायला शिकले. आजही मलकापुरात माझ्या घराशेजारी कुणी फरशी बसवायला लागलं की माझी बोटं मांडीवर ताल धरतात. सून विचारते, "आई, डोकं नाही का दुखत तुमचं?" नाही दुखत. उलट अशी दुपार मला बरी जाते.

घर म्हणजे एक कापडी पाल, दोन गाढवं, एक कुत्री आणि मोजकी भांडी. चांगला उतरलेला पाटा विकायला जायचा आणि तडा गेलेला आमच्याकडं राहायचा. त्यामुळे अख्ख्या तालुक्याला पाटे पुरवणाऱ्या माझ्या मायनं आयुष्यभर फुटक्या पाट्यावर मिरची वाटली. पण काय वाटायची! तव्यावर हिरव्या मिरच्या तडतडवायच्या, मूठभर भुईमुगाच्या फल्लीचे दाणे, मीठ, लसूण, आणि वरवंट्याचे चार दणके. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर हातावरच घ्यायची, तिच्यावर तो ठेचा, आणि कुणा बाईनं जात्याच्या कामावर खूश होऊन वाडगंभर ताक दिलेलं असलं तर ती मेजवानी. आम्ही गरीब होतो हे मला पुढं शाळेच्या फॉर्मवर कळलं. तोवर मला वाटायचं, लोकांना एकच गाव असतं, आम्हाला पंधरा आहेत.

शाळेत मी कशी गेले ते बा सगळ्यांना हसून सांगायचा. लोणारच्या बाजारात आम्ही पाटे मांडून बसलो होतो. धोतर नेसलेला, डोक्याला पांढरी टोपी आणि हातात कापडी पिशवी असा एक माणूस समोर उभा राहिला. माझ्याकडं बोट दाखवून तो म्हणाला, "ही पोरगी आम्हाले द्या." बानं हातोडी उचलली. त्या माणसानं दोन पावलं मागं जात घाईघाईनं सांगितलं, "शाळेत! शाळेत द्या म्हणतो मी!" हे वानखडे गुरुजी. सुलतानपूरच्या अलीकडं माळावर भटक्या लोकांच्या मुलांसाठी एका संस्थेनं आश्रमशाळा काढली होती, तिचे ते मुख्याध्यापक. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, तिथंच शिकायचं. जेवणाचं ऐकल्यावर मायनं मला पुढं ढकललं. तिच्या पदराला आणखी दोघं लटकलेली होती.

शाळा म्हणजे पत्र्याची दोन लांब शेडं आणि एक विहीर. ऊन चढलं की पत्रे कडकड वाजायचे, आणि नवी मुलं घाबरून वर बघायची. सरकारनं शाळेला परवानगी दिली होती, अनुदान दिलं नव्हतं. पुढं कधीतरी ते मिळेल या भरवशावर गुरुजी आणि दोन मास्तर बिनपगारी शिकवत होते. धान्य गावोगावच्या वर्गणीतून यायचं. त्या धान्याचं जेवण करायची कासाबाई, सुलतानपूरचीच एक विधवा, उंच, हाडापेरानं दणकट, आणि मायच्या तोडीस तोड आवाजाची. आईबापांची आठवण येऊन रडणाऱ्या मुलाला ती जवळ घ्यायची नाही. ताटली पुढं सरकवायची आणि म्हणायची, "पयले जेव, मंग रड." जेवल्यावर सहसा कुणी रडत नसे. तिचं तुरीचं वरण पातळ असायचं पण फोडणी खमंग, आणि आठवड्यातून एकदा ती चून, म्हणजे पिठलं, करायची तेव्हा वर्गात बसल्या जागी आमची मनं चुलीकडं जायची. पहिल्याच वर्षी मी जोडाक्षरं वाचायला लागले. दुसऱ्या वर्षी मी कासाबाईला किराण्याची यादी वाचून दाखवायची आणि ती मान डोलवत म्हणायची, "पाह्य, दगडफोड्याची पोरगी कशी फडफड वाचते."

दिवाळी झाली की मात्र शाळा ओस पडायची. सुगीनंतरचे महिने आमच्या लोकांच्या कमाईचे. आईबाप मुलांना सुट्टीला म्हणून घेऊन जायचे आणि कामाच्या मागं पुढं निघून जायचे, मुलांसकट. मोठी पोरगी असली तर धाकट्याला सांभाळायला ती लागायचीच. मी चौथीत होते त्या वर्षी मला ताप होता म्हणून बा मला शाळेतच ठेवून गेला. जाताना सांगून गेला, "माय बाळंत झाली का तुले न्यायले येतो. लेकरू धराले कोनी पायजे." मी हो म्हणाले. नाही म्हणायचं असतं हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच पत्र आलं. समाजकल्याण खात्याचे साहेब तपासणीला येणार, मुलं खरोखर राहतात की नाही ते बघणार, आणि मग अनुदानाचं ठरणार. पत्रात दिलेली तारीख पाच दिवसांवर होती. हजेरीपटावरची निम्म्याहून जास्त मुलं जिल्हाभर पांगलेली. संस्थेचे सेक्रेटरी मोटारसायकलवरून आले. मी ओसरीत पाट्या पुसत होते, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"गुरुजी, चिंता करू नका," सेक्रेटरी म्हणाले. "माझ्या गावचे पोट्टे ट्रॉलीत भरून आणतो. तुम्ही त्यायच्याकडून फक्त नावं पाठ करून घ्या. साहेब काय घरोघर जाऊन पाह्यते का?"

गुरुजी म्हणाले, "ज्यांची नावं पटावर आहेत ती पोरं खोटी नाहीत हो. फक्त इथं नाहीत."

"इथं नाहीत म्हणजे नाहीतच. यंदा अनुदान नाही झालं तर उन्हाळ्यानंतर मी शेडाले कुलूप लावतो. मले परवडत नाही."

मोटारसायकल गेली. गुरुजी बाहेर येऊन पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. शेवंताच्या नावावर दुसरीच कुणी मुलगी उभी राहणार, हे माझ्या डोक्यात घुमत होतं. शेवंता माझी जोडीदारीण, आम्ही एका सतरंजीवर झोपायचो. तिच्या नावाला ओ देणारी दुसरी कोण?

"गुरुजी," मी म्हणाले, "शेवंता मेहकरले पैनगंगेच्या काठी वीटभट्टीवर असन. किसना अन् त्याची बहीन लोणारलेच, बाजाराच्या मांगं. दुसरे बरेच चिखलीले."

गुरुजींनी मान वर केली. "तुले कसं माहीत?"

"आमचे लोकं कवा कुठी उतरतेत ते ठरलेलं रायते ना."

लोकांना वाटतं भटके म्हणजे वारा नेईल तिकडं जाणारे. तसं कधीच नव्हतं. प्रत्येक कुटुंबाची वाट ठरलेली, उतरायची जागा ठरलेली, कोणत्या गावात कोणत्या झाडाखाली पाल ठोकायचं तेसुद्धा ठरलेलं. एसटीच्या गाड्या चुकतील पण आमचे मुक्काम चुकत नसत. हे मला पाळण्यापासून माहीत होतं आणि इतक्या वर्षांत शाळेत कुणी विचारलं नव्हतं. गुरुजींनी खिशातून पेन्सील काढली आणि म्हणाले, "सांग बरं सगळं पहिल्यापासून." मी सांगत गेले, ते लिहीत गेले. माझ्या आयुष्यात मी सांगितलेलं पहिल्यांदाच कुणी लिहून घेत होतं. पुढं चाळीसभर वर्षं नर्स म्हणून नोकरी करताना मोठमोठ्या डॉक्टरांना मी न घाबरता पेशंटची हकिगत सांगितली. तो धीर मला त्या पायरीवर मिळाला असं मी मानते.

गुरुजींनी स्वयंपाकघर त्यांच्या घरच्या बाईंवर सोपवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो: गुरुजी, कासाबाई आणि मी. लोणारचं काम सोपं झालं. किसनाच्या बापानं गुरुजींना ओळखलं, चहा पाजला आणि दोन्ही मुलं हवाली केली. किसनाची माय तेवढी म्हणाली, "गुरुजी, पोराईले मारू नका, इतकंच." ती दोघं दुपारी शाळेत पोचती झाली.

दुसऱ्या दिवशी मेहकर. भट्टीवर धूर आणि लाल धूळ, आणि त्या धुळीत शेवंता बसलेली, कडेवर भाऊ. मला बघून ती उठली, पण हसली नाही. तिची माय चिखल तुडवत होती. पाय न थांबवता तिनं गुरुजींचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"समदं बराबर हाय," ती म्हणाली. "पन हे लेकरू कोन पाहीन? तुमचं सरकार पाहीन का?"

गुरुजी सरकारच्या बाजूनं बोलायला आले होते आणि सरकारनं तर अजून त्यांनाच पगार दिला नव्हता. तेव्हा कासाबाई पुढं झाली, शेवंताच्या कडेवरचं पोर तिनं उचललं, त्याचं शेंबडं नाक आपल्या पदरानं पुसलं आणि म्हणाली, "म्या पाहीन. दोघंबी दे."

"अहो कासाबाई," गुरुजी हळूच म्हणाले, "आपली बालवाडी नाही."

"मंग काय झालं? याले लागते किती? वाटीभर वरन. ते माह्या ताटातून देईन. पोरगी पायजे ना तुमाले? तिच्या कडेवर जे हाय ते संगं येईन."

शेवंताच्या मायचे पाय थांबले. ती कासाबाईकडं पाहत राहिली. "आंगावर पेत नाई आता तो," ती म्हणाली, "पन झोपतानी त्याले थोपटा लागते." तिनं होकार दिला तो असा.

पुढच्या दिवशी चिखलीत हेच घडत गेलं. गुरुजी शिक्षणाचं बोलायचे, आईबाप धाकट्यांचं बोलायचे, आणि कासाबाई हात पुढं करायची. मुलं आणि त्यांच्या कडेवरची बाळं असा घोळका घेऊन आम्ही स्टँडवर आलो तर कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, लगनाचं वऱ्हाड हाय का?" कासाबाई म्हणाली, "हाव. नवरदेव पाहून राह्यलो. तू येतं का?" गाडीभर हशा झाला. तिनं ती सगळी पलटण शाळेकडं नेली. गुरुजी आणि मी मात्र उलट्या दिशेला निघालो. मलकापूर राहिलं होतं. तिथं जिनिंगच्या भिंतीला लागून आमची दोन पालं असायची: एक माझ्या काकाचं, त्याची दोन मुलं पटावर होती, आणि एक आमचं.

राजूर घाट उतरताना मी खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटून घेतले. गुरुजींना वाटलं गाडी लागली. मला मायचं तोंड दिसत होतं. तीन दिवस मी दुसऱ्यांच्या मायांना पोरी मागत हिंडले होते. बा मला न्यायला येणार होता हे मी गुरुजींना सांगितलंच नव्हतं.

कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत कापसाचा भुगा उडत होता. माय पालाबाहेर बसलेली, मांडीवर आठ-दहा दिवसांचा माझा भाऊ, मधली दोघं धुळीत खेळत. बा जवळच दगड घडवत होता. मला पाहून त्यानं टाकी खाली ठेवली. "मीच उद्या निघनार होतो तुले न्यायले. बरं झालं आणलं गुरुजी तुमी."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं एका क्षणात कळलं असणार. काकाच्या मुलांबद्दल ते बोलले, काका तयारही झाला, पण माझ्याबद्दल मागायचा त्यांना धीर झाला नाही. समोर ओली बाळंतीण बसली होती. तेव्हा मीच बोलले.

"माय, मले बी परत जायचं हाय."

"लोकाईच्या पोरी नेऊन राह्यली म्हने," माय म्हणाली, "अन् सोताची माय सोडून?" आवाज मोठा नव्हता. हाळी देणारी माय इतकं हळू बोलली म्हणून मला रडू आलं. बा म्हणाला, "अठी लेकरू कोन धरन मंग? म्या छिन्नी धरू का लेकरू?" मी म्हणाले, "बा, म्या पाचवीत जाईन आता. मले इंग्रजी लावनार हायेत." त्याला इंग्रजीशी काही देणंघेणं नव्हतं, पण मी कधीच वर तोंड करून बोलत नसे, म्हणून तो बघत राहिला.

शेवटी माय उठली. बाळाला माझ्या हातात दिलं. पालातून जुनं लुगडं काढलं, बा बसला होता त्या कडुनिंबाच्या फांदीला झोळी बांधली, दोनदा ओढून पाहिली. बाळाला माझ्या हातातून घेऊन झोळीत घातलं आणि झोका दिला. म्हणाली, "याले झाडाले बांधता येते. तुले कुठी बांधू?" मग बाच्या दिशेनं वळून, "टाकी मारतानी पायानं झोका देत जा. तुमचे पाय रिकामेच असतेत." बानं खरंच एक पाय लांब करून झोळीची दोरी अंगठ्यात अडकवून पाहिली. मायनं आम्हाला भाकरी बांधून दिल्या. निघताना तिनं मला जवळ घेतलं नाही, फक्त माझी वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली.

तपासणीच्या सकाळी पटावरची बरीच मुलं हजर होती, तरी सगळी नव्हती. काही कुटुंबं जालन्याकडं गेली होती, तिथवर आम्ही पोचू शकलो नव्हतो. आणि साहेबांच्या जीपच्या आधी सेक्रेटरींची ट्रॉली आलीच. तेल लावलेली, नवे सदरे घातलेली मुलं उतरली आणि आमच्यात बसवली गेली. आमची मुलं भट्टीची लाल धूळ अजून कानामागं असलेली. कुणालाही सांगता आलं असतं कोण कुठलं.

साहेब किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी हजेरीपट उघडला. गुरुजी पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, हजेरी घेण्याआधी सांगतो. या ओळीतली मुलं आमची नाहीत. ती परत जातील. आणि स्वयंपाकघरात सात लहान लेकरं आहेत, तीही पटावर नाहीत, पण ती इथंच राहतील." सेक्रेटरी जागेवरच ताठ झाले. साहेबांनी चष्मा वर केला. "आणि बाकीची?" त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, "तुम्ही सगळे इथं राहता?"

"राहतो साहेब. पन मंधात गेलो होतो. काल-परवा परत आणलं."

"कुठून?"

मी सांगायला लागले. ते म्हणाले, फळ्यावर काढून दाखव. मी खडू घेतला आणि लोणारपासून मलकापूरपर्यंत आमच्या वाटा काढल्या, कुणाचं कुटुंब कोणत्या गावी, पोळ्याला कुठं, दिवाळीला कुठं, होळीला कुठं. माझ्या रेघा वाकड्या होत्या पण गाव एकही चुकलं नाही. साहेबांनी फळ्यासमोर उभं राहून ते सगळं आपल्या वहीत उतरवून घेतलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "मुलं निघून जातात दिवाळीत, आणि तुम्ही त्यांना सुट्टी देता दिवाळीत. तुम्ही त्यांना पांगायला मदतच करता की." गुरुजींनी कपाळाला हात लावला. शेऱ्यात साहेबांनी काय लिहिलं ते गुरुजींनी आम्हाला वर्गात वाचून दाखवलं होतं. मुलं पटापेक्षा कमी आहेत, असं त्यात होतं. पण ती दाखवायला आणलेली नाहीत, शाळेत आणलेली आहेत, असंही होतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी अशी शिफारस होती. त्या तीन महिन्यांत सेक्रेटरींनी शेडाला कुलूप लावलं नाही. लावायला आले असते तर कासाबाई दारात आडवी पडली असती, हे त्यांना माहीत होतं. जालन्याकडची मुलंही आम्ही आणली. दुसऱ्या तपासणीत शाळा पास झाली आणि पुढं अनुदान सुरू झालं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पगार सुरू होताच सेक्रेटरींचा पुतण्या मुख्याध्यापक झाला आणि वानखडे गुरुजी साधे शिक्षक. मला फार राग आला होता. गुरुजी म्हणाले, "मले तपासणीच्या फायली सांभाळाव्या लागत नाहीत आता. तुम्हाले भूमिती शिकवाले वेळ भेटते." आज सरकारी मदतीबद्दल लोक पेपर वाचून दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलतात, माझा मुलगाही बोलतो. मी ऐकते. मला एवढंच माहीत आहे की त्या मदतीनं आम्हाला वह्या मिळाल्या, अंथरुणं मिळाली, वरण दाट झालं. आणि ती मदत आमच्यापर्यंत यावी म्हणून एक माणूस आणि एक बाई आमच्या पालापर्यंत चालत आली होती. दोन्ही लागतं.

तपासणीनंतरच्या दिवाळीला गुरुजी अजून मुख्याध्यापकच होते; त्यांनी सुट्टी चार दिवसांचीच ठेवली. सुट्टी संपायच्या दिवशी आम्ही पुन्हा बाहेर पडायच्या तयारीत होतो. कासाबाईनं शिदोरी बांधली होती, गुरुजी गाडीची वेळ बघत होते. तेवढ्यात माळाच्या उतारावर गाढवाच्या घंटा वाजल्या. आधी किसनाचं कुटुंब आलं, मग चिखलीकडं निघालेली दोन, मग डोक्यावर बोचकी घेतलेली भट्टीवाली माणसं. वाट वाकडी करून सगळे शाळेवरून चालले होते. शेवंताच्या मायनं फाटकात थांबून शेवंताला आत ढकललं, तिच्या मागं धाकट्याला, आणि मग पदराखालून आणखी एक तान्हं काढून कासाबाईच्या हातात ठेवलं.

"हेबी आंगावर पेत नाई, वरचं दूध पाजजो," ती म्हणाली. "आठ दिवसानं न्यायले येतो. तवरोक पाहजो, बाई."

गुरुजी काहीतरी म्हणायला गेले. कासाबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती त्या तान्ह्याला विचारत होती, "नाव काय रे तुहं?"